छताखालची बैठक

झुंबर खाकाळांना बोईसरमध्ये ‘शेठ’ म्हणणारी माणसं दोनच प्रकारची. एक बँकेतली, दुसरी वर्गणी मागायला आलेली. बाकी सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. वय पंचाहत्तर, रंभा कन्स्ट्रक्शनचे मालक, सरावलीपासून पालघरपर्यंत त्यांनी उभ्या केलेल्या इमारती मोजायला बसलं तर अख्खी दुपार जाईल. पण साइटवर गेले की कुणाच्या तरी हातातली थापी घेऊन दोन हात मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कंपनीला नाव बायकोचं. एका नव्या साहेबानं एकदा कौतुकानं विचारलं होतं, की अप्सरेचं नाव द्यायचं कसं काय सुचलं? मिस्त्रींनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. “ती काय, भाकरी थापतीया.”

तर अशा या मिस्त्रींचा जानेवारीतल्या एका रविवारी मासवणला जाहीर सत्कार ठरला होता. आणि त्याच्या दोनच दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी, त्यांची सून रूपाली त्यांच्याशी धडधडीत खोटं बोलून बसली.

रूपाली तशी खोटं बोलणारी बाई नव्हे. श्रीगोंद्याची मुलगी, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. तिला बघायला खाकाळ मंडळी गेली तेव्हा स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, हे काही मिस्त्रींनी विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी विचारलं, “एका गोणी सिमेंटला पाणी किती घालशील?” मुलीनं विचारलं, “वाळू ओली आहे की कोरडी?” मिस्त्रींनी बशी खाली ठेवली आणि रंभाबाईंना म्हणाले, “चल, काम झालं.” तेव्हापासून नवरा विक्रम ऑफिस, टेंडरं आणि माणसं सांभाळतो आणि रूपाली साइट सांभाळते. सासऱ्यांना ती त्यांच्या गावाकडच्या रीतीनं मामा म्हणते.

मासवणच्या शाळेचं सभागृह हे तिचं पहिलं स्वतंत्र काम होतं. शाळेला कंपनीची भेट म्हणून बांधायचं होतं, आणि पायापासून माथ्यापर्यंत मिस्त्रींनी त्यात बोट घातलं नव्हतं. त्याच सभागृहात, त्याच रविवारी, उद्घाटन आणि सत्कार असं दोन्ही व्हायचं होतं. खोटं बोलणं झालं ते त्याच्या छतावरून. ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

मिस्त्री मूळचे आष्टी तालुक्यातले. तारापूरच्या बाजूला कारखाने उभे राहत होते त्या काळात एका मुकादमाच्या मागून बोईसरला आले, सात वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली गवंडीकाम केलं, आणि अठ्ठ्याऐंशी साली स्वतःचं म्हणून पहिलं काम घेतलं. मासवणच्या एका पाड्यावरची एका खोलीची शाळा. जागा धर्माजीनं दिलेली. धर्माजी म्हणजे त्या पाड्यावरचा डोंगरउतारावर भात नाचणी करणारा माणूस, तेव्हा चाळिशीचा, आपल्या तुकड्यातला सपाट कोपरा पोरांसाठी सोडून देणारा.

आता मिस्त्रींच्या मुलखात घराला सपाट माळवद. त्यावर धान्य वाळवायचं, उन्हाळ्यात अंग टाकायचं, आणि वर्षातून आभाळ जे काही देईल ते वाया जाऊ द्यायचं नाही. छतावरचं पाणी घालवायचं असतं, ही गोष्ट त्यांच्या हाडात कधी शिरलीच नव्हती. पालघरचा पाऊस त्यांनी सात वर्षं पाहिला होता, पण दुसऱ्यानं घातलेल्या छताखाली उभं राहून. त्यांनी मासवणच्या शाळेला आपल्या गावासारखं छत घातलं. पाटासारखं सपाट, चारी बाजूंनी वीतभर कठडा, आणि एका कोपऱ्यात मनगटाएवढा पाइप. दिसायला इतकं देखणं, की स्वतःच लांब जाऊन उभे राहून बघत बसले.

जुलैत एके दिवशी धर्माजी बोईसरला त्यांच्या खोलीवर आला. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. त्यानं पिशवीतून एक काचेची बाटली काढली, पाण्यानं भरलेली, आणि समोर ठेवली.

“हे तुमचं हाय, मिस्त्री.”

“काय हाय?”

“शाळेतलं पानी. तुमी शाळा बांधली का तलाव? पोरं आत इरली घेऊन बसतात.”

मिस्त्रींनी ना पावसाला दोष दिला, ना सिमेंटला. चप्पल घातली आणि धर्माजीबरोबर त्याच एसटीनं मासवणला गेले. वर्गात खरोखरच पोरं पाठीवर पानांची इरली घेऊन, पाटी पोटाशी धरून बसली होती. त्यातल्या एकीनं, जयवंती तिचं नाव, त्यांना बघून अंग चोरलं आणि बसायला जागा करून दिली. मिस्त्री ती गोष्ट सांगताना आजही इथं थांबतात.

तेव्हा त्यांनी प्लास्टिक अंथरून वेळ मारून नेली. दिवाळीच्या सुट्टीत छताचा वरचा थर स्वतःच्या हातानं फोडला, नीट उतार काढला, तीन बाजूंना पाणी जायला वाट दिली. मग सगळ्या वाटा बोळे घालून बंद केल्या, छतावर घोटाभर पाणी भरलं आणि सात दिवस तसंच ठेवलं. सातव्या दिवशी खाली वर्गात घोंगडी अंथरली, डोक्यावरची टोपी काढली आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उघड्या टकलानं बसून राहिले. एक थेंब पडला नाही. मिस्त्रींच्या डोक्याला केस नसल्यामुळे थेंब कळायला वेळ लागत नाही, असं धर्माजीचं म्हणणं.

तेव्हापासून तो नेमच झाला. रंभा कन्स्ट्रक्शनचं कुठलंही छत असो, सात दिवस पाणी आणि सातव्या दिवशी मालकाची बैठक. साहेबलोकांसमोर न उतरणारी टोपी त्या दिवशी उतरते. आणि धर्माजीची बाटली? ती बोईसरच्या ऑफिसात, गणपतीच्या शेजारच्या फळीवर, पाण्यासकट ठेवलेली आहे. नव्या कारकुनांना ते गंगाजल वाटतं. झाडणाऱ्या मावशी तिच्या कडेकडेनं फडकं मारतात, कारण बाटली हलवायची कुणाला परवानगी नाही.

या बैठकांनी आणखी एक काम केलं. माणूस दिवसभर एका जागी रिकामा बसला की लोक येऊन बोलतात. पहिल्याच बैठकीत बायडी नावाच्या बाईनं त्यांना सांगितलं, की दिवाळी सरली की सगळा पाडा वीटभट्ट्यांवर जातो, पोरंपण जातात, मग तुमी बांधलेल्या शाळेत बसंल कोन? मिस्त्रींनी त्या वर्षी पाड्यावरची वीस माणसं आपल्याच कामांवर घेतली, रोज घरी परतता येईल अशी. बायडीला तर त्यांनी गवंडीकाम शिकवलं. बाईच्या हातात थापी बघून लोक हसले, आणि तिनं केलेला गिलावा बघून गप्प झाले. सरावलीत कामगारांच्या चाळीच्या छताखाली बसले होते तेव्हा एका बाईनं आंघोळीच्या रांगेचं सांगितलं. त्यानंतरच्या प्रत्येक चाळीत बायकांसाठी दर मजल्यावर वेगळी मोरी निघाली. एका गावाला पावसात प्रेत जाळायला आडोसा नव्हता, तेही असंच एका बैठकीत कळलं आणि पत्र्याची शेड उभी राहिली. टाळेबंदीत दोनशे माणसं त्यांच्या साइटवर अडकली होती, तेव्हा रंभाबाई रोज चुलीपुढं आणि मिस्त्री वाढायला. याला समाजसेवा म्हणतात हे त्यांना सत्काराची पत्रिका छापून आल्यावर कळलं.

आता रूपालीच्या खोट्याकडे येऊ.

सभागृहाच्या छतावर तिनं आदल्या शुक्रवारी पाणी सोडलं. बुधवारी सकाळी जाऊन बघते तर पाण्याच्या पाइपाच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूनं, तळहाताएवढा ओला डाग. याचं कारण तिला माहीत होतं. तो पाइपाभोवतीचा सांधा भरताना फरशीवाला डोक्यावर बसला होता आणि तिनं घाई केली होती. उपाय एकच. पाणी काढायचं, सांधा फोडायचा, नव्यानं भरायचा आणि पुन्हा सात दिवस. आणि रविवार चार दिवसांवर.

विक्रम तसा वाईट माणूस नाही. फक्त त्यानं तीनशे पत्रिका वाटल्या होत्या. “कार्यक्रम होऊन जाऊ दे,” तो म्हणाला. “सोमवारी फोडू. पाणी काढून टाक, डागावरून रंगाचे दोन हात मारून घे. तसंही दादांच्या डोळ्यांना सध्या काय दिसतंय?” वाक्य तोंडातून गेल्यावर त्यालाच कसंतरी झालं. मिस्त्रींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, मान वर करायची नाही, धूळ लागू द्यायची नाही. रूपालीनं पाणी काढलं. रंगारी येऊन रंग मारून गेला. डाग दिसेनासा झाला.

शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्री ओटीवर बसले होते, रंभाबाई वाल सोलत होत्या आणि विक्रम मानपत्र वाचून दाखवत होता. कुणाकडून तरी लिहून आणलेलं. ‘उद्योगमहर्षी’, ‘विकासाचे शिल्पकार’, ‘कर्मयोगी’. मिस्त्रींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“छान हाय. पन हे कुनाबद्दल हाय?”

रंभाबाई फिसकन हसल्या. मग मिस्त्रींनी काळा चष्मा रूपालीच्या दिशेनं वळवला. “रूपाली, पाणी सात दिवस बसलं का गं?”

“हो, मामा.”

“थेंब?”

“नाही.”

झालं. दोन शब्द. आणि मिस्त्री म्हणाले, “मग उद्या बैठकीला तू बस.”

“मी?”

“छत कुनी घातलं? तू. मग बसायचं कुनी?” त्यांनी रंभाबाईंना घोंगडी काढायला सांगितली, तीच, आष्टीहून आणलेली, आता जागोजागी विरलेली. “मी आजवर दुसऱ्या कुनाला बसू दिलं न्हाई. विक्रमलाबी न्हाई. उद्या तू बस.”

विक्रम मानपत्राच्या कागदाकडे बघत राहिला. रूपालीनं घोंगडी घेतली. या घरात येऊन नऊ वर्षं झाली होती, सासऱ्यांच्या तोंडून तिच्या कामाबद्दल ‘बरं हाय’ याच्यापुढं कधी शब्द निघाला नव्हता. आणि निघाला तो असा, या दिवशी. तिला वाटलं, जमिनीत गडप व्हावं.

शनिवारी सकाळी रंभाबाईंनी तिच्या हातात डबा दिला. दोन भाकऱ्या आणि ठेचा. तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. “दिवसभर बसायचं असतंय,” त्या म्हणाल्या. “काय बी झालं तरी उठायचं न्हाई.”

सातच्या सुमाराला रूपालीनं मासवणला जाऊन मोटर सुरू केली. पाण्याच्या वाटा बंद केल्या आणि छत पुन्हा भरलं. कुणी सांगितलं नव्हतं. रिकाम्या छताखाली घोंगडी टाकून बसली असती तरी जगाला पत्ता लागला नसता. विक्रमचा फोन आला, की डेकोरेटरला छतावर चढायचंय, लायटिंग लावायचंय. “आज बैठक आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग त्या कोपऱ्यात, बरोबर त्या रंगाखाली, घोंगडी टाकून बसली.

थोड्या वेळानं धर्माजी आला. आता ऐंशीच्या घरातला, काठी टेकत. समोर बसला. मिस्त्री का नाय आले ते विचारलं, डोळ्याचं ऐकून मान हलवली आणि आपला गप्पा मारत बसला. सूर्या नदीचं पाणी, नातवाची नोकरी, भाताचा उतारा. बारा वाजले, एक वाजला. रूपालीनं भाकरी मोडली, अर्धी धर्माजीला दिली. वर बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि दर दोन मिनिटांनी ती वर बघत होती. अडीच वाजता रंगाला फुगा आला. सव्वातीनला पहिला थेंब घोंगडीवर पडला. दुसरा तिच्या भांगात.

धर्माजीनं वर बघितलं. मग तिच्याकडे. काठी टेकत उठला, बाहेर गेला आणि पाण्याची एक रिकामी बाटली घेऊन परत आला.

“धरा खाली,” तो म्हणाला.

तिनं एका हातानं बाटली धरली आणि दुसऱ्या हातानं फोन लावला.

“मामा, गळतंय.”

“कुठं?”

“पाइपाच्या कोपऱ्यात. मामा, मला बुधवारीच कळलं होतं. पाणी काढून मी डागावर रंग मारून घेतला. काल तुमच्याशी खोटं बोलले.”

फोनमध्ये मागून रंभाबाईंचा आवाज आला, काय झालं म्हणून. मग मिस्त्रींनी विचारलं, “बसलेली हायेस का उठलीस?”

“बसलेय.”

“मग बस. आलो.”

विक्रमला गाडी काढायला लावून ते तासाभरात आले. डॉक्टरांनी मान वर करायला मनाई केलेली, म्हणून त्यांनी वर बघितलंच नाही. रूपालीचा आवाज जिथून आला तिथं चालत गेले, टोपी काढून विक्रमच्या हातात दिली आणि कोपऱ्यात उभे राहिले. टकलावर टपकन थेंब पडला. त्यांनी हातानं पुसून बघितला.

“रंग कुनी मारायला सांगितला?”

“मी,” विक्रम म्हणाला.

“मीच मारून घेतला,” रूपाली म्हणाली.

“दोघं एकदम बोलू नका.” मिस्त्रींचा आवाज चढला नाही, पण रूपालीनं त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. “छत गळतंय. गळू दे. माझंबी गळलं व्हतं. ह्यो धर्माजी साक्षीदार हाय. पन गळक्या छतावर रंग माझ्या घरात पहिल्यांदाच मारला गेला.”

थेंब बाटलीत पडत राहिले. रूपालीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बाटली धरलेला हात सोडता येत नव्हता, त्यामुळे ते पुसताही येईना. शेवटी विक्रमनंच विचारलं, “उद्याचं काय करायचं दादा? पाहुणे येणार.”

“येऊ द्या. ह्या छताखाली मी शाल घ्यायचा न्हाई.”

“जुनी शाळा हाय की,” धर्माजी म्हणाला.

रविवारी सत्कार त्या एका खोलीत झाला. डेकोरेटर वैतागून गेला. बॅनर भिंतीपेक्षा लांब निघाला, त्यामुळे ‘उद्योग’ भिंतीवर राहिलं आणि ‘महर्षी’ खिडकीतून बाहेर लोंबत होतं. पाहुणे पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले, बाकीचं गाव अंगणात उन्हात. मुख्याध्यापिका जयवंतीबाईंनी स्वागत केलं. इरलं घेऊन बसलेली, अंग चोरून जागा करून देणारी पोरगी ती हीच. विक्रमनं मानपत्राची घडी खिशातच ठेवली, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे.

मिस्त्री बोलायला उभे राहिले. “ह्या छतानं पहिल्या वर्षी पोरं भिजवली. धर्माजीनं मला बाटली आणून दिली, म्हनून मी मिस्त्री झालो. न्हाईतर नुसताच ठेकेदार झालो असतो. शाल आधी त्याला घाला.” धर्माजीला शाल घातली गेली. मग एका पाहुण्यानं, सहज म्हणून, नवीन सभागृह सोडून इथं का, असं विचारलं. रूपाली दाराशी उभी होती. तिनं चौकट धरली.

“त्याची बैठक व्हायची हाय,” मिस्त्री म्हणाले. “काल आमच्या इंजिनियर बसल्या व्हत्या. थेंब पडला. त्यांनी सोताच फोन करून मला सांगितलं. सांधा फोडून पुन्हा सात दिवस पाणी ठेवायचं, मग उद्घाटन.”

अंगणात कुजबुज झाली. तेवढ्यात धर्माजी अंगावरची शाल सावरत मोठ्यानं म्हणाला, “आमी बघत होतो. थेंब डोक्यावर पडला तरी उठली नाय.”

सोमवारी रूपालीनं सांधा फोडला. विक्रम पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घमेली वाहत होता, लग्नानंतर पहिल्यांदाच. सात दिवस पाणी राहिलं. दुसऱ्या बैठकीला मिस्त्री आले, पण आत आले नाहीत. बाहेर पायरीवर, पाठ फिरवून, दिवस मावळेपर्यंत बसून राहिले. छत कोरडं राहिलं. रूपालीनं घोंगडी झटकून घडी घातली आणि बाहेर आली तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “भाकरी उरलीय का?”

शनिवारी धरलेली बाटली इतके दिवस तिच्या स्कूटरच्या डिकीत होती. टाकवतही नव्हती, दाखवतही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत ती ऑफिसात गेली. मनात होतं, की मामांना विचारायचं, मागं कुठंतरी, फायलींच्या आड, ठेवू का म्हणून.

गणपतीच्या शेजारच्या फळीवर धुळीत एक गोल उमटलेला होता, सदतीस वर्षांचा. मिस्त्रींची बाटली त्या गोलात नव्हती. चार बोटं डावीकडे सरकवून ठेवलेली होती, आणि तिच्या उजव्या अंगाला तेवढीच जागा फडक्यानं पुसून ठेवली होती.